खालचें घर

‘पार्टिशन’ या इंग्रजी शब्दाशीं माझी ओळख शाळेंत झाली नाहीं. ती आमच्या वाईच्या वाड्यांत झाली. माझ्या लहानपणीं चुलत आजोबांच्या शाखेशीं एक जुना दावा चालू होता आणि त्याच्या तारखांना वडील साताऱ्यास जात. ‘पार्टिशन सूट’ हे दोन शब्द मीं त्यांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकले होते कीं, पुढें इतिहासाच्या पुस्तकांत १९४७ च्या फाळणीला तोच शब्द लावलेला पाहून मला क्षणभर वाटलें, एवढ्या मोठ्या देशाचाही ओटा, माजघर आणि परस कोणी तरी फितीनें मोजला असला पाहिजे. तिसऱ्यांदा हा शब्द मला भेटला तो माझ्या टेबलावरील संगणकांत. तेथें तरी तो निरुपद्रवी असेल अशी माझी समजूत होती. ती कशी चुकली तें आज सांगावयाचें आहे.

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. यंत्रांशीं माझा संबंध गिऱ्हाइकाचा. २०१४ सालीं मीं हा संगणक घेतला तेव्हां माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें त्यावर लिनक्स ही प्रणाली बसवून दिली. त्याचें म्हणणें असें कीं, ज्याला पुस्तकाची बांधणी उसवून आंतला दोरा पाहण्याची खोड आहे त्याला हीच प्रणाली मानवेल. त्यानें चकतीचे विभाग पाडले. पार्टिशन म्हणजे एकाच चकतीवर आंखलेल्या हद्दी. चकती एक, परंतु प्रत्येक विभागाची नोंदवही निराळी. आणि एकाची जागा संपली म्हणून शेजारच्याची मोकळी जागा त्याला आपोआप मिळत नाहीं. ज्यांनीं भाऊबंदकी पाहिली आहे त्यांना हें अधिक समजावून सांगावयास नको. मूळ विभागाला त्यानें ४० जीबी दिले. प्रणालीचें सारें सामान आणि माझे कागदपत्र असा एकत्र संसार प्रथम त्या एकाच विभागांत होता. कागद वाढले तेव्हां २०१६ च्या डिसेंबरांत त्यानेंच दुसरी चकती आणून बसविली, माझें ‘होम’ नांवाचें दालन तिच्यावर हलविलें, आणि थोड्याच दिवसांत तो नोकरीनिमित्त परदेशीं निघून गेला. संगणकाच्या भाषेंत ज्यांना डिरेक्टरी म्हणतात त्यांना मी येथें दालनें म्हणत आहें, तें वाचकांनीं चालवून घ्यावें.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टींत या यंत्रानें प्रणालीची नवी आवृत्ति घेण्याचें नाकारलें. कारण दिलें तें एका ओळीचें: जागा शिल्लक नाहीं. मूळ विभाग कांठोकांठ भरला होता. दुसऱ्या चकतीवर मात्र जागाच जागा होती. तेव्हां करावयाचें काय तें उघड होतें. प्रणालीचें एखादें मोठें दालन उचलून तिकडे न्यावयाचें. पुण्यांत तीन वेळां बिऱ्हाड हलविलेल्या गृहस्थाला हें काय अवघड, असें मला वाटलें.

कोणतें दालन न्यावें हें ठरवितांना त्यांच्या नांवांचा इतिहास माझ्या वाचनांत आला, आणि दोन दिवस मी त्यांतच रमलों. १९६९ पासून पुढें अमेरिकेंत न्यू जर्सींतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही प्रणाली रचली. १९९१ सालीं लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिहावयास घेतलेली लिनक्स तिच्याच वळणावर गेलेली आहे. १९७४ सालीं टॉम्पसन व रिची यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आपल्या यंत्रांतील काढतां-घालतां येणाऱ्या चकत्यांचें माप दिलें आहे. तें प्रत्येकीं अडीच मेगाबाइट. आज आपल्या खिशांतील दूरध्वनीनें काढलेलें एखादें छायाचित्र अशा चकतीवर मावावयाचें नाहीं. अशा टंचाईंत एका चकतीवर प्रणालीचें अत्यावश्यक सामान आणि दुसरीवर माणसांचीं दालनें अशी विभागणी झाली. माणसांच्या चकतीचें नांव ‘यूएसआर’, म्हणजे ‘यूझर’ या शब्दाचें आंखडलेलें रूप. पुढें पहिली चकती भरली, प्रणालीचें सामान माणसांच्या चकतीवर जाऊन बसलें, आणि माणसांसाठीं ‘होम’ नांवाचें नवें घर काढावें लागलें, असें सांगतात. आज यूएसआरमध्यें एकाही माणसाचें घर नाहीं. नांव मात्र कायम आहे. आमच्या वाड्यांत ‘बाळंतिणीची खोली’ म्हणून एक खोली होती. मीं तींत जन्मभर जळाऊ लांकडेंच पाहिलीं. जागा एकदां हलली तरी नांव हलत नाहीं. आणि अडचणींतून घातलेली भिंत अडचण सरल्यावरही उभी राहते: मूळ दालन आणि यूएसआर यांमध्यें वांटले गेलेले आज्ञावलींचे संच फेडोरा या लिनक्सच्या शाखेनें पुन्हा एकत्र केले ते २०१२ सालीं. मधलीं चाळीस वर्षें हा भेद पुष्कळांनीं परंपरा म्हणून जतन केला होता.

मीं हलविण्यासाठीं निवडलें तें ‘व्हार’ हें दालन. जें सतत बदलतें तें येथें राहतें: यंत्राची रोजनिशी, छपाईची वाट पाहणारे कागद, उतरवून घेतलेल्या आज्ञावलींचे गठ्ठे. माझ्या यंत्रांत त्याचें आकारमान ६ जीबी भरलें. हलविण्याची रीत अशी. यंत्र चालू असतांना हें दालन उचलूं नये, कारण यंत्र त्यांत क्षणोक्षणीं लिहीत असतें. अर्धी रोजनिशी जुन्या घरीं आणि अर्धी नव्या घरीं अशी स्थिति व्हावयाची. म्हणून बाहेरच्या लहानशा कांडीवर ठेवलेल्या दुसऱ्या प्रणालीवरून यंत्र चालू करावें, म्हणजे घर निजलेलें राहतें. मग दालनाची नक्कल नव्या विभागावर करावी. मूळ सामान तेथल्या तेथें ठेवून त्याची केवळ नक्कल करावयाची, हें महत्त्वाचें. नंतर ‘एफएसटॅब’ नांवाच्या एका छोट्या फाइलींत, अमुक विभाग अमुक दारावर बसवावा, अशी एक ओळ लिहावी. त्या ओळींत विभागाची ओळख बत्तीस अंक-अक्षरांच्या एका खुणेनें पटविणें उत्तम. चकत्यांचे क्रम मागेंपुढें होऊं शकतात, ती खूण बदलत नाहीं. जुन्या दालनाला निराळें नांव देऊन तें बाजूस ठेवावें, आणि सर्व कांहीं दोन-चार दिवस सुरळीत चाललें म्हणजे मगच तें पुसावें.

पहिल्या प्रयत्नांत मीं नक्कल केली ती साध्या आज्ञेनें. यंत्र उठलें तें अर्धवट. ज्या पडद्यावर आपलें नांव सांगून आंत जावयाचें तो पडदाच येईना. कारण असें कीं, व्हारमधील प्रत्येक वस्तूला एक मालक असतो. छपाईचें सामान छपाईच्या सेवकाचें, प्रवेशद्वाराचें द्वारपालाचें. साध्या नकलेंत हे सर्व हक्क बुडाले होते आणि सगळें सामान घरच्या मुख्य मालकाच्या नांवानें झालें होतें. सेवकांना स्वतःच्याच खोल्या उघडतां येईनात. जुनें दालन बाजूस ठेवलें होतें म्हणून वांचलों. दुसऱ्या खेपेस मालक, परवानग्या, तारखा, सारें जसेंच्या तसें नेणारी आज्ञा वापरली. पण एफएसटॅबमध्यें त्या खुणेंतील एक अक्षर चुकलें. यंत्र तें न सांपडणारें घर दीड मिनिट शोधीत राहिलें आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबलें. तिसऱ्या खेपेस सर्व जमलें. जुनें दालन पुसलें. मूळ विभागांत ६ जीबी मोकळे झाले.

परंतु हिशेब लागेना. आमच्या घरांत हिशेबाची चूक एक पैशाची असली तरी वडील रात्रीं जेवत नसत. तो गुण नसला तरी ती खोड माझ्यांत उतरली आहे. मूळ विभाग ४० जीबींचा. शेंकडा ५ प्रमाणें जागा यंत्र मुख्य मालकाच्या अडीनडीसाठीं राखून ठेवतें, ते २. मोकळे ६. विभागांतील एकूण एक फाइल मोजली तर भरत होते १४. बेरीज २२. उरलेले १८ जीबी कोणाच्याच नांवें नव्हते. आणि तरीही ते भरलेले होते.

शेवटीं मीं त्या विद्यार्थ्याला दूरध्वनि केला. त्याच्याकडे तेव्हां सकाळ होती.

“सर, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलेंत ना?” त्यानें विचारलें. “एखादी फाइल पुसली तरी ज्या आज्ञावलीनें ती उघडी धरलेली असते ती सोडीपर्यंत तिची जागा सुटत नाहीं.”

मीं तें केव्हांच केलें होतें. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग हंसला.

“सर, मग चूक माझी आहे. आठ वर्षांपूर्वीं तुमचें होम हलविलें तेव्हां जुनी प्रत मीं मुद्दाम ठेवली होती. कांहीं दिवसांनीं येऊन पुसणार होतों. तें राहूनच गेलें.”

“पण तें मला दिसत कसें नाहीं?”

“दिसणार कसें? त्याच्यावर नवें होम बसविलें आहे ना!”

त्यानें मग समजावून सांगितलें तें असें. एखाद्या दालनाच्या दारावर दुसरा विभाग बसविला, म्हणजे त्या दारानें आंत गेलें कीं नवें घर लागतें. जुन्या दालनांत जें असेल तें नाहींसें होत नाहीं. नव्याखालीं झांकलें जातें. त्याला वाट उरत नाहीं, इतकेंच. त्यामुळें फाइली मोजणाऱ्याला तें सांपडत नाहीं, आणि जागा मोजणाऱ्याला तें चुकत नाहीं. वाट काढावयाची तर मूळ विभाग दुसऱ्या एखाद्या रिकाम्या दालनावर पुन्हा बसवावयाचा, म्हणजे त्या बाजूनें जुन्या घरांत उतरतां येतें.

“उतरा आणि पुसून टाका, सर,” तो म्हणाला. “वरचें सगळें तुमच्यापाशीं आहेच.”

मी उतरलों. पुसण्यापूर्वीं एकदां पाहून घ्यावें म्हणून दालन उघडलें, आणि २०१६ चा डिसेंबर माझ्यासमोर जसाच्या तसा उभा राहिला. त्या सालच्या प्रश्नपत्रिका, मुलीच्या शाळेच्या फीची पावती, वडिलांच्या श्राद्धाची यादी. आणि ‘दादा-पत्र’ या नांवाची एक फाइल. तारीख ९ ऑगस्ट २०१६.

येथें थोडा घरगुती वृत्तांत सांगणें प्राप्त आहे. दादा माझ्याहून नऊ वर्षांनीं मोठे. ते वाईसच शिक्षक झाले आणि वाड्यांत राहिले. आई व पुढें वडील यांचें शेवटपर्यंतचें सर्व त्यांनीं आणि वहिनींनीं केलें. मी पुण्यास. वडील गेल्यावर वाड्याची वाटणी झाली. रस्त्याकडचा दर्शनी भाग माझ्याकडे आला आणि मागचा, नदीकडचा, दादांकडे राहिला. फेब्रुवारी २०१७ मध्यें वाटणीपत्र नोंदविलें गेलें. माझा भाग मीं पुढें विकला. तेव्हांपासून दादांचें आणि माझें बोलणें लग्नकार्यापुरतें उरलें. याचें कारण माझ्या मुलांनीं विचारलें तेव्हां मीं त्यांना सांगत आलों कीं, मीं कांहींच मागितलें नव्हतें; दादांनीं आपण होऊन दर्शनी भाग मला दिला, आणि मग कां कोण जाणे मनांत अढी धरली. हें मी खोटें सांगत होतों असें नाहीं. माझी तशी खात्रीच झाली होती. वाटणीपत्र झाल्यावर तें पत्र मीं संगणकांतून पुसलें होतें, एवढें मात्र मला अंधुकसें आठवत होतें. पुसलें होतें तें वरच्या घरांतलें.

पत्र दोन पानांचें होतें. आरंभ ‘तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार’ असा यथास्थित होता. मग दर्शनी भागाची मागणी होती, बाजारभावाचे आंकडे होते, आणि वकिलाचा सल्ला घेतल्याचा उल्लेख होता. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतें. तें येथें देतांना हात अडखळतो, पण दिलें पाहिजे. ‘आईवडिलांची सेवा ही रकमेंत मांडावयाची बाब नव्हे, आणि मांडावयाचीच झाली तर तिच्या बदल्यांत इतकीं वर्षें सबंध घराचा उपयोग आपणांस मिळालाच आहे.’ वाक्य चांगलें तोललेलें होतें. स्वल्पविराम योग्य ठिकाणीं होता. तीस वर्षें मुलांना निबंध शिकविणाऱ्या माणसाचेंच तें वाक्य होतें, आणि तें माझें नाहीं असें म्हणावयास मला कोठेंही जागा नव्हती.

त्या दिवशीं मीं कांहीं पुसलें नाहीं. यंत्र बंद केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस्. टी. नें वाईस गेलों. पत्राची छापील प्रत खिशांत होती.

दर्शनी भागाच्या जागीं आतां दुकान आहे. त्याच्या बाजूच्या बोळांतून मागें जावें लागतें. माझ्यामुळें दादांच्या घराला रस्त्याकडून दार उरलेलें नाहीं हें मीं त्या बोळांतून जातांना प्रथम नीट पाहिलें. दादा ओसरीवर शेंगा निवडीत बसले होते. अवेळीं आलेला मला पाहून त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. सूप बाजूस सारून जागा केली.

थोड्या वेळानें मीं म्हटलें, “दादा, २०१६ सालीं मीं तुम्हांला एक पत्र लिहिलें होतें.”

“होतें.”

“तें तुमच्यापाशीं आहे का?”

“आलें त्याच दिवशीं बंबांत घातलें,” ते म्हणाले. “तुझ्या वहिनीच्या हातीं पडलें असतें तर तिनें तुला या घरांत पुन्हा पानावर बसूं दिलें नसतें.”

मीं खिशांतून प्रत काढली आणि ती कशी सांपडली तें सांगूं लागलों. त्यांनीं ती हातांत घेतली नाहीं.

“वाचावयास कशाला हवी? मला पाठ आहे तें.”

मी चुकलों, असें मीं म्हटलें. आठ वर्षांनीं म्हटलेला तो शब्द मला फार लहान वाटला. दादा बराच वेळ शेंगा निवडीत राहिले. मग म्हणाले, “दर्शनी भागाचें दुःख नव्हतें रे. तूं घर मागितलेंस त्याचेंही नव्हतें. तूं हिशेब मांडलास.” आणि थोड्या वेळानें, “आतां तूंही पुसून टाक तें.” इतक्यांत वहिनी चहा घेऊन आल्या आणि मला पाहून म्हणाल्या, “अग बाई, भावजी! कळवून आला असतांत तर पुरण घातलें असतें.” आठ वर्षें त्यांना कांहीं माहीत नव्हतें. दीरानें उगाच येणें सोडलें, एवढाच त्यांचा माझ्यावर राग होता. मी जेवून परत निघालों.

पुण्यास आल्यावर मीं जुनें घर पुसलें. मूळ विभागांत २४ जीबी मोकळे झाले, हिशेब पैन् पै लागला, आणि यंत्रानें नवी आवृत्ति निमूटपणें घेतली. एक फाइल मात्र मीं तत्पूर्वीं वरच्या घरांत आणून ठेवली होती, तिच्या मूळ तारखेसह. दादांनीं पुसावयास सांगितलें होतें, तरी मीं तें मानलें नाहीं. ज्याला तें पत्र आलें त्याला तें जाळण्याचा अधिकार होता, आणि त्यांनीं तो माझ्यासाठीं वापरला. ज्यानें तें लिहिलें त्याला तो अधिकार असावा असें मला वाटत नाहीं. मीं एकदां पुसून पाहिलें होतेंच. त्यानें पत्र गेलें नाहीं, केवळ माझी आठवण बदलली, आणि मुलांनीं आपल्या काकांविषयीं आठ वर्षें भलतेंच मत बाळगलें.

त्या रविवारीं मुलीला आणि मुलाला बसवून मीं तें त्यांना वाचावयास दिलें. मुलीचें वाचून आधीं झालें. ती म्हणाली, “बाबा, मग तुम्ही आजवर आम्हांला सांगत होतां तें?”

“तें खरें नव्हतें,” मीं सांगितलें.